वळणाचा दोर

नात तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि आजीच्या मते हा निव्वळ उर्मटपणा होता.

पाय मोडला म्हणून काही जीभ मोडत नाही. घरातलं मोठं माणूस हाक मारतं, ताट समोर ठेवतं, प्लास्टरखालची उशी सारखी करतं, तर निदान हुंकार तरी भरावा. ही आपली भिंतीचे पोपडे मोजत पडलेली. "अगं ए टिटवे, ती भिंत काय तुझी मावशी लागते?" असं आजीनं विचारून पाहिलं. मग रागावून पाहिलं, तर पोरीनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. दूधवाला, शेजारची शिंपीण आणि समोरचा दुकानदार या तिघांनाही आजीनं तेच ऐकवलं: कार्टी उर्मट झाली आहे, लाडावून ठेवल्याचा परिणाम, दुसरं काही नाही.

टिटवी हे नाव आजीनंच दिलेलं. काडीसारखे लांब पाय, आणि चालणं म्हणून ठाऊक नाही. पाणी आणायला पाठवली तरी तुरुतुरु पळत जायची. पुढे कॉलेजच्या मैदानावर मुलींनीही तेच नाव उचललं.

टिटवीची आई नर्स होती. ती ड्यूटी संपवून आली, हातपाय धुतले आणि पोरीच्या खोलीत डोकावून स्वयंपाकघरात सासूसमोर येऊन बसली.

"आई, ती उर्मट नाही. लाजते आहे ती."

"कसली लाज? कुणाच्या घरात शिरून चोरी केली तिनं?"

"तिला तसंच वाटतंय." सुनेनं पर्समधून वहीच्या कागदाची घडी काढली. "संघाच्या सरांसाठी लिहिलंय. मला म्हणाली, तू नेऊन दे. मी म्हटलं, मी नाही द्यायची. तर सर स्वतःच येताहेत आज पाच वाजता."

आजीला आकडे सगळे यायचे, अक्षरं मात्र एकेक करून लावावी लागायची. म्हणून सुनेनंच वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या. घरच्या मैदानावर मी जी वेळ द्यायचे ती कशी आली मला माहीत नाही, पण ती माझी नव्हती. माझ्या भरवशावर बाकीच्यांचा हंगाम वाया गेला. मी मुळात एवढी चांगली नव्हतेच. माझं नाव संघातून काढा. पाय बरा झाला तरी मी परत येणार नाही.

आजी काहीच बोलली नाही. हे इतकं नवलाचं होतं, की सुनेनं कागद खाली करून सासूकडे निरखून पाहिलं.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरली आहे," आजी म्हणाली आणि उठून मागच्या अंगणात गेली. तिथं कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला आखूड पडत होती. मधेच तोडून कुणी नेली म्हणून सून महिनाभर चिडचिड करत होती आणि उरलेल्या दोरीवर चादरी दुमडून घालत होती. आजी त्या दोरीखाली बराच वेळ उभी राहिली. मग पायात चपला सरकवल्या आणि कुणाला न सांगता कॉलेजच्या मैदानाकडे चालू लागली.

ते मैदान ती तेवीस वर्षं आखत आली होती. तिच्याआधी आजोबा आखायचे. ते गेले आणि कॉलेजनं त्यांची जागा तिला दिली ती दया म्हणून. पण पहिल्याच वर्षी तिनं असा चुना ओढला, की त्या रेषेवरून मुंगीचीही वाट चुकली नसती. तेव्हापासून तिच्या रेषेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं असतं तर ते बोट तिनं जाग्यावर ठेवलं नसतं.

मैदान गवताचं. दोन टोकांना जमिनीत ठोकलेल्या दोन लोखंडी खुंट्या. खुंटीला दोराचा फास अडकवायचा, दोर ताणून धरायचा आणि त्याच्या टोकाशी चुन्याची गाडी ढकलत अर्धं वर्तुळ फिरायचं. दोराला रंगीत चिंध्या बांधलेल्या, पळायच्या एकेका पट्ट्यासाठी एकेक. दोन्ही वळणं झाली की त्यांची टोकं सुतळीनं जोडायची, सरळ बाजू आपोआप येतात. एक फेरी भरली चारशे मीटर. सगळी भिस्त त्या दोरावर. आजोबांनी सांगून ठेवलं होतं, या दोराला गाठ म्हणून मारायची नाही. कुजला तर नवा मागायचा.

यंदा हंगामाच्या तोंडावर दोर खुंटीपाशी झिजून तंतुतंतू झाला. आजी नवा मागायला ऑफिसात गेली. कारकून खुर्चीत रेलून म्हणाला, "आजी, हल्ली हे सगळं यंत्रानं मोजतात. दोर कसला मागता? घरी बसा, नातवंडं सांभाळा." दारातले दोन शिपाई फिदीफिदी हसले. आजीनं तिथल्या तिथं सुनावलं, "माझं नातवंड याच मैदानावर पळतं, बाबा. तुझ्या यंत्राला एक फेरी मारून दाखवायला सांग." आणि तशीच माघारी फिरली. पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही, असं तिनं वाटेतच ठरवून टाकलं. कुजका तुकडा विळीवर कापला, उरलेल्याला गच्च गाठ मारून नवा फास केला आणि मैदान आखलं. एवढ्याशा दोरानं एवढ्या थोरल्या मैदानाचं काय बिघडतं.

बिघडलं तर काहीच नाही, उलट पहिल्याच आठवड्यात मैदानावर आनंदीआनंद झाला. सामानाच्या खोलीत, अडथळ्यांच्या चळतीमागे एक फळा होता. मुलींच्या संघाचे प्रशिक्षक दर शनिवारी त्यावर वेळा लिहायचे. मुली त्यांना सर म्हणत. आजी मास्तर म्हणायची. आठशे मीटर पळणारी लंबू पावणेदोन सेकंदांनी सुधारली. रिलेच्या चौघी सुधारल्या. चारशे मीटरला मागच्या वर्षी साडेबासष्ट सेकंद घेणारी टिटवी साठ पॉइंट चारवर आली. स्पर्धेत एकसष्टच्या आत पळणाऱ्या मुलीला निवड समिती मोठ्या शिबिरात घेत असे. तिथं राहायची सोय होती, डॉक्टर होता, पळायला चांगली धावपट्टी होती. टिटवी झोपेतही एकसष्ट एकसष्ट बरळायची.

मास्तरांनी फळ्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यंदा आपलं वर्ष'. प्राचार्यांना हात धरून दाखवायला आणलं, कारण प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, की मुलींच्या संघानं यंदा काही करून दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी संघ नाही.

"आजी, काय जादू केलीत?" मास्तर म्हणाले.

"जादू कसली? रेष नीट असली की पाय नीट पडतो," आजी म्हणाली, आणि दिवसभर त्याच तोऱ्यात फिरली.

मग पहिली स्पर्धा झाली, परक्या मैदानावर. टिटवी एकसष्ट पॉइंट तीन. लंबू चौथी. रिले पाचवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना गवतावर बसवून सांगितलं, "घरी पळता, आणि बाहेर गेलं की तुमचे पाय लटपटतात. ही भीती आहे. दुसरं काही नाही." टिटवी शेवटच्या रांगेत गवताची काडी सोलत बसली होती. त्या दिवशी तिनं घरी येऊन ताट बाजूला सारलं.

आजी तेव्हा चुन्याची पोती रचत होती. तिला एक गोष्ट खुपली. शंभर मीटरवाली मुलगी घरी जेवढी पळायची तेवढीच बाहेर पळाली होती. गोळा टाकणारीचा गोळाही तेवढाच लांब पडला होता. मग भित्र्या काय नेमक्या वळणावरून पळणाऱ्याच निघाल्या? शंभर मीटरचा पट्टा सरळ असतो आणि तो पोलादी फितीनं मोजलेला असतो. वळण दोराचं.

तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि दोर मोजला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, असा. तेवीस वर्षं तो तिच्या हातानं चौऱ्याऐंशी भरायचा. ब्याऐंशी भरला. तिनं उलट्या टोकाकडून पुन्हा मोजला. ब्याऐंशीच.

तेव्हाच मास्तरांना हाक मारायची होती. ते दहा पावलांवर शिट्टी पुसत उभे होते. पण तिला तो रेललेला कारकून दिसला, ते दोघे शिपाई दिसले. म्हातारीला आता मोजतासुद्धा येत नाही, हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं, कुणी म्हटलेलं नसताना. आणि शेवटी आहेत किती? दोन हात. दोन हातांसाठी कुणी गावभर दवंडी पिटतं का? आपली चूक आपण निस्तरावी, गाजावाजा कशाला.

परीक्षेमुळे मैदान चार दिवस बंद होतं. आजीनं घरची वाळत घालायची दोरी कापून नेली, दुहेरी पिळून दोराला जोडली, चौऱ्याऐंशी हात भरले. जुन्या रेषा पाणी मारमारून झाडल्या, वर माती पसरली. कंबर धरत, थांबत थांबत, एकटीनं सगळं मैदान नव्यानं आखलं. शेवटची रेष ओढून ती पायरीवर टेकली तेव्हा तिला स्वतःचा अभिमानच वाटला. कुणाला कळलं नाही आणि काम चोख झालं.

परीक्षा संपून मुली परत आल्या, आणि घरच्या मैदानावरही मंदावल्या.

तिनं याचा विचारच केला नव्हता. मैदान खरं झालं की वेळाही खऱ्या होणार, आणि खऱ्या वेळा फळ्यावरच्या जुन्या वेळांशेजारी लिहिल्या जाणार, एवढी साधी गोष्ट. टिटवी एकसष्ट पॉइंट दोन. पुढच्या शनिवारी एकसष्ट सहा. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी 'यंदा आपलं वर्ष' पुसून टाकलं आणि सराव दुप्पट केला. जिथं चार फेऱ्या तिथं आठ, सकाळी एकदा तिथं संध्याकाळीही. मुली दमल्या, आणखी मंदावल्या, आणि मंदावल्या म्हणून आणखी पळवल्या गेल्या. लंबूच्या बापानं येऊन तिचं नाव काढून घेतलं. फळ्यावरचे आकडे दर आठवड्याला बिघडत होते, आणि ते का बिघडताहेत हे त्या अख्ख्या कॉलेजात एकाच माणसाला ठाऊक होतं, जिला धड वाचताही येत नव्हतं.

टिटवीची नडगी दुखू लागली. संध्याकाळी ती पाय पुढे करून बसायची आणि आजी फडकं गरम करून शेक द्यायची.

"चार दिवस विसावा घे गं. मास्तरांना मी सांगते."

"नको आजी. आधीच मंद झालेय. थांबले तर अजून होईन."

"मंद कोण म्हणतं तुला?"

"फळा म्हणतो."

शब्द आजीच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले आणि फडकं पुन्हा गरम करायला उठली. असे तीन आठवडे गेले.

दुसऱ्या स्पर्धेला आजी स्वतः गेली होती. दुसऱ्या वळणावर टिटवी पुढच्या दोघींना गाठत होती, आणि मधेच, कुणाचा धक्का नाही की ठेच नाही, ती खाली बसली. नडगीचं हाड आधीच तडकलेलं होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. असं हाड घेऊन ही मुलगी पळत कशी होती, हेच त्यांना नवल. रिलेच्या उरलेल्या तिघी बाकावर बूट काढून बसल्या. मुलींच्या संघाचा हंगाम तिथंच आटोपला. प्राचार्यांचं पत्र दोन दिवसांनी आलं.

पाचला पाच मिनिटं असताना आजी घरी परतली. सुनेनं दार उघडलं तर सासूच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं, आणि सगळा पदर चुन्यानं माखलेला.

"अहो आई, हे काय उचलून आणलंत?"

"आत चल. मास्तर आले का?"

मास्तर आले होते. टिटवीच्या पलंगाशेजारी स्टुलावर अवघडून बसले होते आणि त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीशी बोलत होते. "तुझ्या आईनं दाखवला तो कागद वाचला मी. हे बघ, राजीनामा वगैरे मी घेणार नाही. संघच राहिला नाही तर राजीनामा कुठला? पण तू मुळात चांगली नव्हतीस, हे काढून टाक त्यातलं."

आजीनं भेंडोळं जमिनीवर टाकलं. धूळ उडाली.

"मास्तर, ही गाठ बघा."

सूनच आधी वाकली. "ही तर आपली दोरी."

"आपलीच. मीच कापली." आजी उभीच राहिली. बसली असती तर सांगता आलं नसतं. तिनं झिजलेल्या दोरापासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. कारकून सांगितला, ब्याऐंशी सांगितले, मैदान बंद असताना पुन्हा आखलं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. सुनेला लग्न होऊन आल्यापासून हा आवाज माहीत नव्हता.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "किती आखूड होता?"

"दोन हात."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टिटवीच्या त्याच कागदाच्या मागे काहीतरी मांडलं. "म्हणजे फेरीत बारा हात गेले, आजी."

"बारा? दोनाचे बारा कसे?"

"दोर वळणाच्या मधल्या खुंटीभोवती फिरतो. तो एक हात आखूड झाला, की पुऱ्या फेरीतून सहा जातात."

आजीनं बोटं दुमडून मोजलं, पण मन मोजण्यात नव्हतं. तेवीस वर्षं जो दोर हातातून गेला, त्याची एवढी गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

मास्तर अजून कागदाकडेच बघत होते. "मग साठ पॉइंट चार कधी नव्हतंच. आणि पहिल्या स्पर्धेतलं एकसष्ट तीन..." ते थांबले. "मागच्या वर्षी साडेबासष्ट. त्या दिवशी ती आयुष्यात सगळ्यात चांगली पळाली होती. आणि मी तिला भित्री म्हणालो. अजून तीन दशांश हवे होते फक्त. महिनाभर नीट सराव झाला असता तर..."

"तुम्ही न कळता बोललात. मी कळून ऐकत उभी होते."

"तीन आठवडे, आजी. एक शब्द टाकायचात माझ्या कानावर." मास्तर उठले. "मला हे ऑफिसात सांगावं लागेल."

"मीच येते उद्या. त्या कारकुनाला समोर बसवा, म्हणजे एकदाच सांगून होईल."

मास्तर बाहेर गेले. कागद पलंगाच्या कडेवर राहिला. सून त्यांना सोडायला दारापर्यंत गेली आणि बाहेरच थांबली.

पांघरुणातून आवाज आला. तीन दिवसांनी आलेला, घोगरा. "तू माझी नडगी शेकायचीस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

टिटवीनं पांघरूण खाली केलं, प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून वळवला आणि आजीकडे तोंड केलं. तीन दिवस आजी याचीच वाट बघत होती. आता ते डोळे पाहिले आणि तिला वाटलं, भिंत बरी होती. पण तिनं मान खाली घातली नाही. वाकून दोराचं टोक उचललं, हातात काहीतरी हवं म्हणून, आणि बोलली.

"उर्मट म्हणाले तुला. दूधवाल्याला, शिंपिणीला, दुकानदाराला, सगळ्यांना सांगत सुटले. ते उद्या एकेकाच्या दारात जाऊन परत घेईन. तू उर्मट नाहीस, आणि मंद तर मुळीच नाहीस. फळ्यावर खोटं चढलं ते माझ्या हातचं, आणि तुझा पाय मोडला तोही माझ्या तोऱ्यापायी. एकसष्ट पॉइंट तीन तेवढं खरं आहे. ते परक्या मैदानावरचं आहे, तिथं माझा दोर नव्हता, ते तुझं. आता जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी मी तुला उर्मट म्हणणार नाही. पण तो कागद फाड. माझ्यासमोर फाड."